चेहरा नसलेल्या माणसाच्या मागावर

नोव्हेंबर २०१८मध्ये कोपनहेगनच्या आयओ इंटरॅक्टिव्ह या कंपनीनं ‘हिटमॅन २’ हा व्हिडिओ गेम बाजारात आणला आणि त्यातल्या एका टप्प्यावर जगभरच्या खेळाडूंना मुंबईच्या गजबजलेल्या वस्तीत आणून सोडलं. तीन गुन्हेगारांचा माग काढायचा, एवढं काम. त्यातला दावूद रंगन हा सिनेमात पैसा आणि स्वतःचा चेहरा दोन्ही घालणारा बिल्डर. दुसरी वान्या शाह, झोपडपट्टीची राणी म्हणून मिरवणारी. तिसरा वझीर काळे. गुन्हेगारी जगात त्याला ‘मेलस्ट्रॉम’ म्हणतात. तो कसा दिसतो हे खेळाडूला ठाऊक नसतं आणि त्याला कामगिरी देणाऱ्या संस्थेलाही. हजार माणसांच्या गर्दीत तो कुठंतरी चालतो आहे, एवढंच सांगून गेम गप्प बसतो.

बालाघाट जिल्ह्यात बाघ नदीच्या काठी, गोंदियाच्या रस्त्यावर आपलं राजेगाव आहे. इथून मुंबई गाठायची तर आधी नदी ओलांडून गोंदिया, मग विदर्भ एक्स्प्रेसची अख्खी रात्र. तरी मुंबई कधी न पाहिलेल्या माणसालाही ती पाठ असते, कारण ती सिनेमातून आपल्या घरी येऊन गेलेली असते. आता ती व्हिडिओ गेममधूनही येते, आणि या गेममधली मुंबई नुसती बघायची नसते; तिच्यात वावरायचं असतं, कान देऊन ऐकायचं असतं आणि ऐकलेल्यातून माणूस ओळखायचा असतो. गोष्ट सांगण्याची ही रीत या मालिकेला एकदम सापडलेली नाही. पाव शतकात तिनं तीन-चार वेळा स्वतःला मोडून पुन्हा बांधलं, एकदा चुकीच्या दिशेला जाऊन परत फिरली, आणि मग इथवर पोचली. तो प्रवास नीट समजून घेण्याजोगा आहे.

लपूनछपून खेळायच्या गेमना ‘स्टेल्थ’ गेम म्हणतात. शत्रूला ठार करण्याऐवजी त्याच्या नजरेतून निसटणं हा त्यांचा गाभा. या प्रकाराची सुरुवात बहुतेक जण १९८७च्या ‘मेटल गिअर’पासून धरतात. जपानी दिग्दर्शक हिदेओ कोजिमा यांना युद्धाचा गेम करायला सांगितलं होतं, पण एमएसएक्स २ हा संगणक पडद्यावर फार सैनिक आणि गोळ्या एकाच वेळी दाखवू शकत नव्हता. तेव्हा त्यांनी लढाईच वगळली आणि नायकाला पहारेकऱ्यांपासून लपवलं. यंत्राच्या तोकडेपणातून एक नवी कलाच जन्मली. पुढं १९९८ साली ‘मेटल गिअर सॉलिड’, ‘तेनचू’ आणि ‘थीफ’ असे तीन गेम एकाच वर्षात आले. ‘थीफ’मध्ये अंधार हीच ढाल होती, दिवे विझवायचे आणि फरशीवर पाय वाजू द्यायचे नाहीत. त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये आयओ इंटरॅक्टिव्हची स्थापना झाली.

नोव्हेंबर २०००मध्ये त्यांचा पहिला गेम आला, ‘हिटमॅन: कोडनेम ४७’. त्याचा नायक ‘४७’ हा मारेकरी अंधारात लपत नाही. टक्कल, काळा सूट, लाल टाय, डोक्याच्या मागं बारकोड, असा सहज लक्षात राहणारा माणूस भर दिवसा, सगळ्यांच्या देखत चालत जातो. त्याचं हत्यार म्हणजे दुसऱ्याचे कपडे. वाढप्याचे कपडे चढवले की स्वयंपाकघर उघडं. शिपायाचे चढवले की फाटक उघडं. इतर स्टेल्थ गेमनी माणसांपासून दूर राहायला शिकवलं. या मालिकेनं माणसांच्या मधोमध उभं राहायला शिकवलं. माझ्या मते मालिकेचा खरा शोध हाच, आणि पुढचे सगळे बदल याच शोधाभोवती फिरत राहिले.

मराठी वाचकाला या युक्तीत परकं काही वाटायला नको. ५ एप्रिल १६६३च्या रात्री शिवाजी महाराज लाल महालात शाइस्ताखानावर चालून गेले, तेव्हा हजारोंची मोगल छावणी पुण्यात होती. लग्नाच्या वऱ्हाडाची परवानगी काढून मराठे शहरात शिरले, अशी हकीकत मोगल बाजूच्या खाफीखानानंही नोंदवली आहे. रमजानचा महिना होता. दिवसभराच्या उपासानंतर सुस्तावलेला महाल, वाजंत्री, वऱ्हाडी म्हणून आत आलेली माणसं. त्या रात्रीची ढाल अंधाराची कमी आणि वऱ्हाडाची जास्त होती.

वेशांतर दाखवणं सोपं. ते किती टिकावं हे ठरवणं अवघड. गावात येणाऱ्या बहुरूप्याचं उदाहरण इथं नेमकं लागू पडतं. तो पोलीस होऊन दारात उभा राहिला की लहान मुलं आईमागं दडतात, म्हातारी माणसं हसतात, आणि खरा हवालदार समोर आला तर सोंग त्याच क्षणी उतरतं. वेश तोच असतो, पण बघणाऱ्याची ओळख वेगळी असते. सुरुवातीच्या ‘हिटमॅन’ गेमना हा फरक पुरता जमला नव्हता. २००२च्या ‘सायलंट असॅसिन’मध्ये खेळाडू जरा धावला, पहारेकऱ्याच्या जरा जवळून गेला की संशयाचा काटा चढायचा. काटा का चढला हे नेहमी कळायचं नाही. हळूहळू, गुमान चालत राहणं एवढाच उपाय उरायचा.

२०१२च्या ‘ॲब्सोल्यूशन’मध्ये उलटंच टोक गाठलं गेलं. ज्याचा वेश घ्याल त्या गटातला प्रत्येक माणूस तुम्हाला ओळखू लागला. पोलीस व्हा, सगळे पोलीस संशय घेणार. आचारी व्हा, सगळे आचारी. शिकागोसारख्या शहरातले पोलीस एकमेकांना तोंडओळखीनं ओळखत असतील, हे कुणाला पटावं? वरून चेहरा झाकत पुढं जायला एक मर्यादित शक्ती खर्चावी लागायची. मालिकेच्या जुन्या चाहत्यांनी नाराजी उघड बोलून दाखवली आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं: वेशांतराच्या गेममध्ये वेशांतर निकामी झालं होतं.

यावर २०१६च्या ‘हिटमॅन’नं काढलेला तोडगा हा गेमरचनेच्या अभ्यासकांनी मांडीवर घेऊन वाचावा असा आहे. वेश आता बहुतेकांना फसवतो. ज्यांना फसवत नाही ते मोजकेच लोक असतात, आणि त्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो. मुकादमाला आपले मजूर ठाऊक असतात, मुख्य आचाऱ्याला आपली पोरं, सुरक्षाप्रमुखाला आपले रखवालदार. पाहुण्याला किंवा दुसऱ्या खात्याच्या माणसाला काही कळत नाही. एवढ्या एका नियमानं अख्ख्या लेव्हलला समाज मिळाला. आता खेळाडू नकाशा बघत नाही. कोण कुणाचा वरिष्ठ, कोण कुणाला ओळखतो, याचा हिशेब मांडतो. २०१८मध्ये त्यात भर पडली. गर्दीत आणि झुडपांत मिसळून दिसेनासं होता येऊ लागलं, आणि आरशात पाठीमागचं बघून पहारेकरी सावध होऊ लागले.

गोष्ट सांगण्याच्या बाजूनं झालेले बदल याहून धाडसी आहेत. पहिल्याच गेममध्ये कथानकाचा एक क्रूर पेच होता. ४७ हा रुमानियातल्या एका इस्पितळात डॉ. ऑर्टमायर यानं पाच गुन्हेगारांच्या गुणसूत्रांतून घडवलेला कृत्रिम माणूस. खेळाडू जगभर फिरून एकेक सावज टिपतो आणि शेवटी त्याला उमगतं की ही सावजं म्हणजे ४७चे जन्मदातेच होते. ‘सायलंट असॅसिन’ची सुरुवात सिसिलीतल्या चर्चच्या बागेत होते, ४७ हा धंदा सोडून माळीकाम करतो आहे, आणि त्याला आसरा देणाऱ्या फादर व्हित्तोरिओंना पळवलं जातं म्हणून तो परततो. २००४च्या ‘कॉन्ट्रॅक्ट्स’मध्ये गोळी लागलेला ४७ पॅरिसच्या हॉटेलात पडून आहे आणि जुन्या कामगिऱ्या त्याच्या तापलेल्या डोक्यात पावसाळी, काळ्या रंगात पुन्हा घडतात. पहिल्या गेममधल्या लेव्हल नव्यानं बांधून वापरण्याला कंपनीनं आठवणींचं रूप दिलं. काटकसर आणि कला यांची अशी गाठ क्वचित पडते.

या ‘सायलंट असॅसिन’चा एक भाग पंजाबात घडतो, आणि त्यावरून मोठा वाद झाला. त्यातलं देऊळ हरमंदिर साहिबची आठवण करून देणारं होतं आणि फेटेधारी शत्रू त्यात होते. शीख समाजानं निषेध केला, आणि पुढच्या आवृत्तीत तो मजकूर बदलण्यात आला. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाला पार्श्वभूमीचा पडदा करणं योग्य नव्हतं. पुढं २०१८मध्ये मालिका भारतात परतली तेव्हा ती देवळात गेली नाही, चाळीत गेली.

२००६चा ‘ब्लड मनी’ हा मला या मालिकेतला सर्वांत दूरदृष्टीचा गेम वाटतो. मृत्यू अपघातासारखा दिसेल असं घडवून आणण्याची मुभा त्यात आली. पॅरिसच्या ऑपेरात तालमीतलं खोटं पिस्तूल काढून तिथं खरं ठेवलं की रंगमंचावरचा नटच नकळत काम पुरं करतो. प्रत्येक कामगिरीनंतर वर्तमानपत्राचं पान समोर येतं. खेळाडूनं किती साक्षीदार सोडले, किती गोळ्या झाडल्या, यावरून त्यातली बातमी बदलते. म्हणजे गोष्ट लिहिणारा लेखक बाजूला होतो आणि खेळाडूच्या वागण्यातून बातमीदार ती लिहितो. शेवटी तर कमालच आहे. ४७ मेलेला दिसतो, चर्चमध्ये शवपेटीत पडला आहे, श्रेयनामावली वर सरकू लागते. जो खेळाडू हात बांधून बघत राहील त्याच्यापुरता गेम तिथं संपतो. जो अस्वस्थ होऊन कळ हलवत राहतो त्याला हृदयाचे ठोके ऐकू येतात, रंग परततात आणि मेलेला माणूस उठून बसतो. सिनेमाला किंवा कादंबरीला हे करताच येणार नाही. कथेचा कळसाध्याय वाचकाच्या बोटावर टांगून ठेवायचा आणि त्याला ते सांगायचंही नाही!

याच लोकांनी सहा वर्षांनी ‘ॲब्सोल्यूशन’ सिनेमासारखा सरळ रेषेत बांधावा, हे आजही कोड्यात टाकतं. व्हिक्टोरिया नावाच्या मुलीला वाचवण्याची ती गोष्ट आहे; दृश्यं देखणी आहेत, पण खेळाडूला एका दारातून दुसऱ्या दारात ढकलत नेलं जातं. मोकळं आवार, पाहिजे तिथून आत शिरण्याची मुभा, वाट पाहत बसण्याची चैन, हे सगळं आक्रसलं. एक चांगली गोष्ट मात्र त्यातून उगवली: खेळाडूंनीच एकमेकांसाठी कामगिऱ्या रचाव्यात अशी सोय. गर्दीतल्या कुणाकडेही बोट दाखवून त्याला लक्ष्य ठरवता येऊ लागलं, आणि लोकांनी तेच जास्त खेळलं.

२०१६चा ‘हिटमॅन’ हप्त्याहप्त्यानं आला. ११ मार्चला पॅरिस, मग सापिएन्झा हे काल्पनिक इटालियन गाव, माराकेश, बँकॉक, कोलोरॅडो, आणि ३१ ऑक्टोबरला होक्काइदो. पुरा गेम एका दमात न मिळाल्याबद्दल सुरुवातीला बरीच कुरकुर झाली. तरी या तुकड्यांनी खेळाडूच्या सवयी बदलल्या. पुढचं गाव येईपर्यंत लोक एकाच गावात पुन्हा पुन्हा जाऊ लागले, आणि प्रत्येक खेपेला त्यांना नव्या गोष्टी ऐकू येऊ लागल्या. या गेममधला प्रत्येक माणूस आपल्या ठरलेल्या फेरीवर असतो. बोलतो, भांडतो, फोनवर रडतो. कथानक पडद्यावर उलगडण्याऐवजी या बोलण्यातून वेचायचं असतं. दोन नोकरांच्या कुजबुजीतून कळतं की मालकाला आज संध्याकाळी नवा वैद्य भेटायला येणार आहे. तो वैद्य अजून पोचलेला नाही. तुम्ही पोचू शकता.

मे २०१७मध्ये तेव्हाची मालक कंपनी स्क्वेअर एनिक्सनं आयओ इंटरॅक्टिव्हमधून अंग काढून घेत असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात हाकान आब्राक यांच्या नेतृत्वाखाली व्यवस्थापनानं कंपनी स्वतः विकत घेतली आणि ‘हिटमॅन’चे हक्कही राखले. त्या काळात कंपनीला बरीच माणसं कमी करावी लागली होती. दीड वर्षानं आलेल्या ‘हिटमॅन २’मध्ये मधल्या कथादृश्यांच्या जागी बहुतांशी स्थिर चित्रं आणि निवेदन होतं. मोठ्या पडद्याचा झगमगाट उरला नव्हता. सारी मेहनत गेली ती गावांत आणि त्यांतल्या माणसांत.

आता पुन्हा वझीर काळेकडे. मुंबईच्या या लेव्हलमध्ये चाळ आहे, रंगनचा अर्धवट बांधलेला मनोरा आहे, रेल्वेचं जुनं यार्ड आहे, धोब्यांचा व्यवसाय आहे, आणि भर रस्त्यात चाललेलं सिनेमाचं चित्रीकरण आहे. काळेच्या रूपाचे तुकडे वस्तीत विखुरले आहेत. ते वेचत वेचत खेळाडू मनात एक चेहरा जुळवतो, आणि मग गर्दीतला प्रत्येक माणूस त्या चेहऱ्याला लावून बघतो. मालिकेच्या इतिहासात आधी सावज बहुधा शोभेच्या तसबिरीसारखं समोर ठेवलेलं असायचं. प्रश्न मुख्यतः ‘कसं’ एवढाच असायचा. इथं ‘कोण’ हा प्रश्न खेळाच्या केंद्रात आला. ज्या ४७ला स्वतःचं नाव नाही, आठवणी पुसलेल्या आहेत, तो दुसऱ्या एका बिनचेहऱ्याच्या माणसाला शोधतो आहे. कथा आणि खेळ इथं एकजीव होतात, आणि कुणी ते बोलून दाखवत नाही.

ओळख पटली की वाटा फुटतात. न्हाव्याचा वेश घेऊन वस्तरा हातात धरला की मेलस्ट्रॉम स्वतःच खुर्चीत मान टेकवून बसतो. चित्रकार झालात तर रंगन आपलं चित्र काढून घ्यायला समोर उभा राहतो. सर्वांत नवलाची वाट म्हणजे ‘काश्मिरियन’ नावाचा दुसरा मारेकरी. तोही याच वस्तीत लपून दोघांच्या मागावर आहे. रंगन आणि शाह यांना त्याच्या बंदुकीच्या टप्प्यात आणून उभं केलं, की ४७ला हात उचलावाच लागत नाही. खेळाडूचं काम फक्त माणसांना जागा बदलायला लावण्याचं. बाकी सगळं शहर आपण होऊन करतं.

ही मुंबई आपली मुंबई आहे का? पुरती नाही. डॉन, सिनेमा आणि झोपडपट्टी, बाहेरच्या माणसाला मुंबई म्हटलं की आठवणाऱ्या तीन गोष्टींवरच ती उभी आहे, आणि तिच्या रस्त्यांत मराठी ऐकू येत नाही. गिरणगाव नाही, लालबाग नाही, सकाळी डबा घेऊन धावणारा कारकून नाही. हे सलतं. चाळीचा एक गुण मात्र डॅनिश कलावंतांनी अचूक हेरला: तिथं अंधार नसतो, दार बंद नसतं आणि शेजाऱ्याची नजर सुटत नाही. अशा ठिकाणी लपायचं तर शेजारीच व्हावं लागतं. वेशांतराच्या मालिकेला याहून चांगली जागा मिळाली नसती.

एक वेगळा प्रयोग इथंच नोंदवायला हवा. २०१४मध्ये स्क्वेअर एनिक्सच्या माँट्रियल शाखेनं ‘हिटमॅन गो’ हा मोबाइलवरचा गेम केला. त्यात धावपळ नाही, रक्तपात नाही. पटावर सोंगट्या आहेत, रेषा आणि ठिपके आहेत, आणि एकेक घर पुढं सरकायचं आहे. अख्खी मालिका गाळून तिचं सार पटावर मांडल्यासारखा तो गेम आहे, आणि साध्या फोनवर चालतो.

स्वतःला नव्यानं घडवणं सगळ्यांना असं जमतंच असं नाही. युबिसॉफ्टची ‘असॅसिन्स क्रीड’ ही मालिका मुळात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा पुढचा भाग म्हणून सुरू झाली आणि २००७मध्ये स्वतंत्र नावानं आली, २०१७च्या ‘ओरिजिन्स’पासून ती लपण्यापेक्षा भल्याथोरल्या जगात भटकण्याकडे झुकली आणि २०२३च्या ‘मिराज’मध्ये पुन्हा आकसून गल्लीबोळांत परतली. त्याच ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीचं काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचं २०२०मध्ये जाहीर झालं, तेव्हा मराठी मुलखातल्या गेमकारांना केवढा आनंद झाला होता! २०२२मध्ये ते काम माँट्रियलकडे गेलं. जुन्या, लाडक्या गोष्टीला हात लावणं किती जड असतं हे त्यातून दिसलं. आपल्याकडच्या कलावंतांना अशी मोठी संधी पुन्हा मिळायलाच हवी.

२० जानेवारी २०२१ला आलेल्या ‘हिटमॅन ३’नं प्रत्येक गावाला स्वतंत्र कथाप्रकार दिला. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या वाड्यात एक खून आधीच झालेला आहे. ४७ खाजगी गुप्तहेराचा वेश घेऊन घरातल्या माणसांच्या जबान्या घेतो आणि खेळाडूला खरोखरच गुन्हा उलगडावा लागतो. बर्लिनच्या नाइटक्लबात त्याच्या कानात सूचना देणारी डायना बर्नवुडच नाही. वीस वर्षं खेळाडूला सोबत करणारा तो शांत आवाज गेलेला असतो, आणि गर्दीत मिसळलेले किमान पाच मारेकरी खुणेशिवाय स्वतः ओळखून काढायचे असतात. मुंबईत पेरलेलं बी इथं दुसऱ्यांदा उगवलं.

तिसऱ्यांदा ते उगवलं जानेवारी २०२३मध्ये. तिन्ही गेम ‘वर्ल्ड ऑफ असॅसिनेशन’ या एका नावाखाली एकत्र झाले आणि ज्यांच्याकडे ‘हिटमॅन ३’ होता त्यांना ‘फ्रीलान्सर’ हा नवा प्रकार फुकट मिळाला. यात लिहिलेली कथा जवळजवळ नाही. ४७ला राहायला घर आहे, भिंतीवर हत्यारं आहेत, आणि समोर गुन्हेगारी टोळ्यांची यादी. जुनीच गावं, पण लक्ष्य दर वेळी वेगळं. टोळीच्या म्होरक्याशी गाठ पडते तेव्हा अनेक संशयितांतून तो ओळखायचा असतो, आणि हाताशी असतात फक्त खुणा: केसांचा रंग, कानातली बाळी, गोंदण, आणि सवयी. कुणी सिगारेट ओढतो, कुणी सारखा पाणी पितो, कुणाला कसली तरी ॲलर्जी आहे. चुकीच्या माणसाला हात लावला तर खरा सावध होऊन पळतो. कामगिरी फसली तर सोबत नेलेली हत्यारं गेली. मागं जाऊन पुन्हा सुरू करण्याची सोय नाही. लेखकांनी एकदा हातानं रचलेला वझीर काळेचा शोध आता यंत्र दर खेपेला नव्यानं रचतं.

आयओ इंटरॅक्टिव्ह आता जेम्स बाँडवरच्या गेमकडे वळली आहे. ‘हिटमॅन’ची चव घ्यायची तर सुरुवात ‘गो’पासून करावी, मग ‘ब्लड मनी’, आणि त्यानंतर ‘वर्ल्ड ऑफ असॅसिनेशन’. मुख्य मालिका १८ वर्षांवरच्यांसाठीच आहे, हे घरातल्या मोठ्यांनी ध्यानात ठेवावं. या गेममधला सर्वांत वरचा किताब ‘सायलंट असॅसिन’ हा आहे. लक्ष्याखेरीज कुणाचाही जीव न घेणाऱ्या, कुणाच्या नजरेला न पडणाऱ्या आणि मागं काही सापडू न देणाऱ्या खेळाडूलाच तो मिळतो. पहिल्या खेपेला तो मिळवायच्या मागं लागू नये. हत्यार खिशात ठेवून गाव एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावं, दोन माणसं बोलताना दिसली की थांबून त्यांचं सगळं ऐकून घ्यावं, आणि मगच पहिला वेश निवडावा.